क्रॉसिंगला थांबणारी गाडी

महाड-पोलादपूरकडची माणसे ज्या स्थानकाला नुसते ‘जंक्शन’ म्हणतात, त्याचे नाव मी येथे लिहिणार नाही. नाव घेतले की थोडा मान दिल्यासारखे होते, आणि तेवढाही द्यावा असे मला वाटत नाही. आमच्या तालुक्यांना रेल्वे मिळाली ती अंतर राखून. महाड शहराला तिने बाहेरूनच वळसा घातला, पोलादपूरकडे तर पाहिलेही नाही. आमच्या वाट्याला वीर नावाचे एक लहानसे स्थानक आले आणि तेथे मोजक्याच गाड्या थांबतात. त्यामुळे कोठेही जायचे झाले तरी आधी जंक्शन गाठायचे, आणि कोठूनही परतायचे झाले तरी जंक्शनवर उतरून, मान वर करून, दिव्यांच्या पाटीवर आपली गाडी शोधायची. हे करता करता माझी पन्नाशी उलटली.

मी महाडला शाळेत इतिहास शिकवतो. माझा आवाज मुळातच लहान आहे; मागच्या बाकांवरची मुले तशी तक्रार करतात. हळू बोलणाऱ्या माणसाला लोक सालस समजतात, आणि या गैरसमजाचा मला आयुष्यभर फायदा झाला आहे. प्रत्यक्षात मी मनातल्या मनात फार तुच्छतेने पाहणारा माणूस आहे. गेल्या शिमग्यातल्या एका दिवशी ही तुच्छता सकाळपासून माझ्याबरोबर प्रवासाला होती, आणि तिला मी जागाही चांगली ऐसपैस दिली होती.

माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, सासर पोलादपूरच्या पुढे आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी एका वाडीत आहे. घर आहे, पण राहायला कोणी नाही. भावोजींचे गुडघे गेल्यापासून दोघे कल्याणला मुलाकडे असतात. शिमग्यात त्या वाडीत ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते. पुढे ढोल, ताशा आणि सनई असा आमचा खालूबाजा असतो. ज्या घराचे दार उघडे असेल, उंबऱ्यात दिवा असेल, तेथे पालखी टेकते आणि घरची बाई ओटी भरते. दाराला कुलूप असेल तर वाजंत्री त्या घरासमोर हात आखडतात. तेवढे अंगण मुक्याने ओलांडले जाते आणि पुढच्या दारी बाजा पुन्हा उसळतो. कोणी शाप देत नाही, कोणी नावे ठेवत नाही. फक्त ढोल थांबतो.

आदल्या वर्षी अक्काच्या चुलतजावेने, जी शेजारच्याच घरात राहते, पालखीचा व्हिडिओ अक्काला मोबाइलवर पाठवला. तिचा हेतू चांगलाच होता. अक्काने कल्याणच्या स्वयंपाकघरात उभे राहून तो पाहिला, आणि आपल्या अंगणात ढोल थांबल्याचे आपल्या कानांनी ऐकले. तेव्हापासून तिचे एकच मागणे होते. यंदा दारात ढोल थांबता कामा नये.

“मी मेल्यावर थांबू दे,” ती मला म्हणाली होती, “तवा मी ऐकाया नसेन.”

अक्काला एसटी लागते. महामार्गावर ती पेणपर्यंतही तग धरत नाही. म्हणून रेल्वे, आणि रेल्वे म्हणजे जंक्शन. मी आदल्या दिवशी कल्याणला जाऊन राहिलो आणि पालखीच्या दिवशी सकाळी तिला घेऊन जंक्शनवर पोहोचलो. वीरला थांबणारी पॅसेंजर तेथून मिळणार होती. दुपारी वीर आणि ऊन उतरायच्या आत वाडी, असा साधा बेत होता. घराची किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून अक्काने गळ्यात, मंगळसूत्राला लगटून घातली होती.

गाडीला अवकाश होता. अक्काला बाकावर बसवून मी फलाटावरचा फलक वाचत उभा राहिलो. ‘गौरवशाली इतिहास’ असे वर सोनेरी अक्षरांत होते. प्रथम येथे भातशेतीत एक पत्र्याची शेड आणि एकेरी रूळ होते. मग बंदराकडे एक फाटा गेला. मग घाटाकडचा मार्ग येऊन मिळाला. मग आमच्या कोकणाकडे जाणारा मार्ग निघाला, आणि शेडचे जंक्शन झाले. प्रत्येक मार्गाचे उद्घाटन कोणाच्या शुभहस्ते झाले ते फलकावर होते. तो मार्ग कोणाच्या बांधावरून गेला ते नव्हते. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने हा मजकूर लिहिला असता तर मी त्याला नापास केले नसते, पण वही परत देऊन पुन्हा लिहायला लावले असते. स्थानक मोठे कशाने झाले, हा प्रश्न त्या फलकाला पडलेला नव्हता. माझ्या मते ज्यांना येथे यायचे नसते अशी माणसे येथे फार येतात, एवढ्यानेच ते मोठे झाले आहे.

खाली ‘आमच्या सेवा’ असे दुसरे शीर्षक होते. त्या सेवा मला मान वळवताच दिसत होत्या. सरकता जिना फक्त वर जात होता. उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा विचार बहुधा पुढच्या उद्घाटनासाठी राखून ठेवलेला असावा. लिफ्टच्या दाराला दोरी बांधलेली होती आणि दोरीवर ‘आपल्या सेवेत सदैव’ अशी पाटी लोंबत होती. तासावर पैसे घेणारा थंडगार प्रतीक्षाकक्ष जवळजवळ रिकामा होता, आणि फुकटच्या प्रतीक्षाकक्षात माणसे भिंतीला टेकून झोपली होती, कारण बाकांवर कोणी आडवे होऊ नये म्हणून मध्ये लोखंडी दांडे बसवले होते. अंग रगडून देणाऱ्या काळ्या खुर्च्या होत्या. सगळ्यांत शोभिवंत म्हणजे, या स्थानकावर माझे प्रेम आहे अशा अर्थाची पुरुषभर उंचीची इंग्रजी अक्षरे दिव्यांनी उजळून ठेवली होती आणि त्यांच्यापुढे माणसे फोटो काढून घेत होती. जेथून शक्य तितक्या लवकर निघून जाणे एवढ्याचसाठी आपण येतो, त्या जागेवर प्रेम! मी त्या माणसांकडे पाहून हसलो. हसू ओठांबाहेर येऊ दिले नाही, इतकेच.

“काय वाचतोस येवढं?” अक्काने विचारले. “देवाचं हाय काय?”

“इतिहास आहे.”

“कोणाचा?”

“या स्थानकाचा.”

“त्यात वीर हाय?”

“नाही.”

“मग ये इकडं. पाणी आण.”

मी पाणी आणून दिले आणि तिने बाटलीचे झाकण लावले, तोच घोषणा झाली. आमची पॅसेंजर या फलाटावर न येता पलीकडच्या फलाटावर येणार होती. गोड आवाजात तीन भाषांत दिलगिरी व्यक्त झाली. कारण एकाही भाषेत सांगितले नाही. सबंध फलाट उठून पुलाकडे धावला. सरकत्या जिन्याने आम्हाला वर नेले, आणि त्याचे उपकार तेथेच संपले. उतरताना अक्का एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने माझा खांदा धरून एकेक पायरी उतरत होती. तिच्या पिशवीत नारळ होते, ते माझ्या गुडघ्यावर आपटत होते. आम्ही खाली पोहोचलो तेव्हा शेवटचा डबा फलाट सोडत होता.

आमच्यासारखीच आमच्याकडची आणखी काही माणसे तेथे दम टाकत उभी होती. त्यांपैकी एकजण, टोपी उलटी घातलेला, पोलादपूरच्या बाजूचा आणि मुंबईत टेम्पो चालवणारा, अक्काजवळ आला. त्याच्या चेहऱ्यावर हळहळ नव्हतीच.

“टेन्शन नाय घ्यायचं मावशी. मागून एक्स्प्रेस हाय ना. वीरला क्रॉसिंगला थांबते.”

“नक्की?” अक्काने विचारले.

“हंड्रेड परसेंट. आपला रोजचा धंदा हाय.”

हा रोजचा धंदा परक्या वाचकाला समजावून सांगायला हवा. जंक्शनकडून वीरपर्यंत आता दुहेरी मार्ग आहे. वीरच्या पुढे एकच. त्यामुळे जिला वीरला थांबा नाही अशी गाडीही, समोरून येणारी गाडी निघून जाईपर्यंत, पुष्कळदा तेथे उभी राहते. याला क्रॉसिंग म्हणतात. तेवढ्या वेळात आमची माणसे पिशव्या, पोती, पोरे घेऊन खाली उतरतात आणि एखादा किल्ला घेतल्याच्या थाटात बाहेर पडतात.

मला या युक्तीची मनापासून चीड आहे. दोन तालुक्यांची माणसे दुसऱ्यांच्या गाडीच्या खोळंब्यावर आपला प्रवास बेततात आणि वर त्याची फुशारकी मारतात. वीरला थांबा द्या असे तावातावाने कोणी मागत नाही. मागायचे कशाला, थांबतेच की! जंक्शनने आमच्यापुढे काही टाकलेले नाही. चुकून जे सांडते ते आम्ही उचलतो आणि त्यालाच आमचा हक्क म्हणतो. टोपीवाल्याकडे पाहताना मला हे सगळे एकदम आठवले आणि त्याच्या उलट्या टोपीचाही राग आला.

मी चौकशीच्या खिडकीशी गेलो. आतल्या गृहस्थाने मान वर न करता सांगितले, वीरला थांबा नाही, थेट खेड. मी परत येऊन ते शब्दशः सांगितले.

“त्याला काय ठाव?” अक्का म्हणाली. “तो आलाय कधी वीरला?”

“अक्का, त्या गाडीला अधिकृत थांबा नाही. थांबली तर थांबली, नाही तर आपण कशेडी घाटापलीकडे जाऊ.”

“मग खेडचं तिकीट काढ. तुझा नियम पन खूश, आमी पन खूश.”

आजूबाजूची माणसे हसली. टोपीवाला म्हणाला, “मावशी, तुमी रेल्वेमंत्री व्हायला पायजे व्हता.” मी खेडची तिकिटे काढली. दुसरा मार्ग माझ्याकडेही नव्हता, हे मी कोणाला सांगितले नाही.

एक्स्प्रेसच्या साध्या डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. टोपीवाल्याने खिडकीशी बसलेल्या एका माणसाला हाक दिली, “ओ भाऊ, उठा जरा, मावशी पालखीला चालल्यात.” तो माणूस कोठला होता देव जाणे, पण उठला. अक्का बसली आणि तिने किल्ली पदराबाहेर काढून मुठीत धरली. मी दोन डब्यांच्या सांध्याजवळ, कोणाच्या तरी बॅगेवर एक पाय ठेवून उभा राहिलो.

माणगाव मागे पडले तशी आमची माणसे दाराकडे सरकू लागली. पिशव्या खांद्यांवर चढल्या. एका बाईने पोराच्या पायांत चपला घातल्या. गाडीचा वेग खरोखरच उतरला. टोपीवाल्याने दारातून मागे वळून अक्काला अंगठा दाखवला. ती उठून उभी राहिली.

मग रूळ बदलल्याचा एक धक्का बसला आणि वीर आले. शेजारच्या रुळावर समोरची गाडी आधीच येऊन उभी होती. क्रॉसिंग होतेच, फक्त ती आधी आल्याने आज आमच्या गाडीला थांबायचे कारण उरले नव्हते. तिच्या खिडक्यांतली माणसे आमच्या दारात लटकलेल्या पिशव्यांकडे कंटाळलेल्या डोळ्यांनी पाहत होती. वीरची पाटी एकदा दिसली, आणि आमची गाडी वेग घेत पुढे निघाली. दारातली माणसे हलली नाहीत. पोराच्या पायांत चपला तशाच राहिल्या.

त्या क्षणी मला काय वाटले ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मला बरे वाटले. सबंध सकाळ मी जे म्हणत होतो ते खरे ठरले होते, आणि छातीत एक शांत, गार समाधान पसरले, शिक्षकाला कठीण उदाहरणाचे उत्तर जुळल्यावर वाटते तसे. मी अक्काकडे पाहिले. ती उभीच होती. किल्लीचा दात तिच्या तळव्यात रुतला असावा, कारण तिने मूठ उघडून पाहिली आणि पुन्हा मिटली. हे पाहूनही माझे समाधान लगेच गेले नाही.

“मी सांगितले होते,” मी हळूच म्हणालो.

“सांगितलं व्हतंस,” ती म्हणाली. “आता गप बस.”

दारातून परतलेली माणसे एकमेकांना सांगत होती की असे आज पहिल्यांदाच झाले. टोपीवाल्याने अक्काच्या समोर येऊन टोपी काढली. “आयशप्पत मावशी, पयल्यांदाच,” तो म्हणाला. मला खात्री आहे की वीरला गाडी न थांबणे हे दर वेळी पहिल्यांदाच घडत असते.

खेडच्या फलाटावर उतरताच टोपीवाला जीप बघायला पळाला. अक्काने फलाटावरच उभे राहून चुलतजावेला फोन लावला. जावेचा आवाज मोबाइलची गरज नसल्यासारखा मोठा होता, त्यामुळे मला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या.

“ऐक गो, आमी खेडला हाव.”

“खेडला? खेडला काय करताय?”

“ते गाडीला इचार. पालखी कुठवर आली?”

“वरच्या आळीत हाय. उन्हं कलली की खाली येतील.”

अक्काने गळ्यातली किल्ली चाचपली. मग म्हणाली, “कुलूप फोड.”

“काय?”

“आमच्या दाराचं कुलूप फोड. उंबरा सारव, दिवा लाव. नारळ तुझ्यातला घे. ओटी माझ्या नावानं तू भर.”

मला राहवले नाही. “अक्का, घराचे कुलूप फोडणे बरे दिसत नाही. किल्ली आपल्याजवळ असताना—”

“आन बंद दार बरं दिसतं काय रे मास्तर?”

मी नारळांची पिशवी उचलली.

जीपमध्ये टोपीवाल्याने अक्काला पुढे, चालकाशेजारी बसवले, आणि कोठूनसे एक लिंबू आणून तिच्या हातात दिले. आम्ही मागे दाटीवाटीने बसलो. कशेडीच्या चढाला लागलो तशी अक्काने एका हातात लिंबू आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरला. जावेचा फोन आला. अक्काने आवाज मोठा केला, आणि सगळी जीप ऐकू लागली.

प्रथम दगडाचे घाव ऐकू आले. मग जावेचे हसणे.

“कुलूप नाय तुटत! कोयंडाच आला हातात!”

“येऊ दे. दार उघडलं ना?”

“उघडलं. आत काय कोळिष्टकं हायत गो!”

“पालखी आत येत नाय. उंबरा बघ तू.”

पाणी शिंपडल्याचा आणि झाडूचा आवाज आला. मग लांबून, फार लांबून, ढोल. ढोल जवळ आला; त्याच्या मागची सनईही ओळखू येऊ लागली. “आले आले,” जाऊ म्हणाली, आणि मोबाइल कोठेतरी ठेवल्याचा ठक असा आवाज झाला. अक्काने लिंबू मांडीवर टाकले आणि दोन्ही हातांनी मोबाइल कानाशी धरला, खरे तर तशी गरज नसताना.

आणि ढोल थांबला.

जीप कशेडीच्या बोगद्यात शिरली होती. पिवळे दिवे एकामागून एक अक्काच्या चेहऱ्यावरून सरकत होते.

“नेटवर्क गेलं मावशी,” टोपीवाला मागून म्हणाला.

“की ढोल थांबला?” अक्काने विचारले.

उत्तर कोणाला ठाऊकच नव्हते. आधी बोगदा आला की आधी ढोल थांबला, हे त्या क्षणी जीपमधल्या एकालाही सांगता आले नसते. सकाळपासून मी बरोबर होतो. गाडीबाबत बरोबर होतो, जंक्शनबाबत बरोबर होतो, लोकांच्या भाबड्या खात्रीबाबत तर फारच बरोबर होतो. त्या बोगद्यात मला प्रथम वाटले की हे सगळे बरोबर असणे कोणी काढून घ्यावे आणि बदल्यात त्या यंत्रातून ढोलाची एक थाप ऐकवावी. माझा स्वभाव तेवढ्याने बदलला असे मी म्हणणार नाही. जंक्शनविषयी मी आजही तेच म्हणतो.

बोगद्याबाहेर आलो तेव्हा अक्काने पुन्हा पुन्हा फोन लावला. घंटी वाजत होती, कोणी उचलत नव्हते. पोलादपूरला जीप थांबवून ती एकदा ओकली, तोंड धुतले आणि पुन्हा बसली. आपल्या गावाचा फाटा मागे गेला तरी टोपीवाला उतरला नाही. वाडीच्या चढापर्यंत अक्काची पिशवी घेऊन आला, आणि तेथे “चलतो मावशी” म्हणून मागच्या मागे फिरला. त्याचे आभार मानायला हवे होते. मी तोंड उघडेपर्यंत तो उतारावर पोहोचला होता.

उजेड होता अजून. पालखी घरावरून पुढे खालच्या आळीत गेली होती. ढोल तिकडून ऐकू येत होता. अक्काच्या घराचे दार सताड उघडे होते. कोयंडा एका खिळ्याला लोंबत होता आणि त्यात कुलूप, शाबूत. उंबरा ओला होता. दिव्याभोवती गुलाल सांडला होता. जाऊ पायरीवर बसून नारळाची भकले गोळा करत होती.

अक्का अंगणाच्या कडेलाच थांबली. “ढोल थांबला काय गो?”

“कुठं?”

“हितं. माझ्या दारात.”

“थांबंल कशाला? दार उघडं व्हतं ना! पालखी टेकली, नाचवली पन. मोबाइल मी उंबऱ्यावर दिव्यापाशी ठेवलेला, तुमाला ऐकाया. तुमचाच आवाज येयाचा बंद झाला.”

“आमी बोगद्यात व्हतो.”

“मग? तुमच्या बोगद्यासाठी ढोल थांबवायचा व्हता काय?”

अक्का हसली. सकाळपासून पहिल्यांदाच. मग ती उंबऱ्यात बसली, बोटाने गुलाल टिपून कपाळाला लावला, आणि गळ्यातली किल्ली काढून माझ्यापुढे धरली. “घे. आता हिचं काय करायचं ते इतिहासात बघ.”

मी घरातून एक तार शोधून आणली आणि कोयंडा चौकटीला बांधू लागलो. असली कामे मला जमत नाहीत. तार बोटांत घुसत होती. खालच्या आळीतला ढोल मध्येच थांबला. आम्ही तिघांनीही माना वर केल्या.

“ते बोरिवलीवाल्यांचं घर,” जाऊ म्हणाली. “येनार म्हनलेले यंदा.”

अक्का ऐकत राहिली. पुढच्या दारी बाजा पुन्हा उसळला, तेव्हा ती म्हणाली, “थांबली नसंल वीरला त्यांची पन.”